अध्यक्ष आत, समिती बाहेर

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यापर्यंतच वाकले आहे असं समजा. त्याखाली गेले तर मला उठवायला तुम्हालाच यावं लागेल, आणि तुमच्या गुडघ्यांची हकिकत पत्रातून कळलीच.) डावा गुडघा जिना चढू देतो आणि उजवा उतरू देत नाही असं लिहिलंत, म्हणजे सध्या मुक्काम वरच्या मजल्यावरच असणार. शेकत जा, वाऱ्यात बसू नका. तुमच्या यजमानांचा खोकला, सूनबाईंचा अबोला आणि शेजाऱ्यांचा कुत्रा आपापल्या जागी असतील असं धरून चालते. आमच्याकडे सगळे ठीक. सगळे म्हणजे आम्ही दोघंच, पण ठीक आहोत असं दोघांनीही एकमेकांना सांगितलेलं आहे.

पत्रात तुम्ही बाकी काही न विचारता एवढंच विचारलंत, की पेपरात आलेला तो फोटो आपल्याच बंधूंचा का. हातात झाडं कापायची मोठी कात्री, टोपी मागे सरकलेली, आणि तोंड असं उघडलेलं की पडजीभ दिसावी. खाली छापलंय, ‘अध्यक्षांच्या यशाने हर्षभरित झालेले उद्यान अधीक्षक.’ तुमचं म्हणणं, लहानपणी औषधाची गोळी गिळायलासुद्धा याने इतकं तोंड उघडलं नव्हतं, आणि आता कुणाच्या यशाने उघडलं? वन्सं, फोटो यांचाच आहे. पण त्या ओळीतला ‘उद्यान अधीक्षक’ सोडला तर एक शब्द खरा नाही. यांना हर्ष झाला तर तोंड उघडत नाही, उलट मिटतं. लग्नात हार घालतानाचा फोटो बघा, मुलगी पसंत आहे की दाढ दुखते आहे हे अजून माझ्या माहेरी ठरलेलं नाही. तेव्हा खरं काय झालं ते सांगते, पण आधी घर सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही गच्चीवर काय करत होती.

तुम्ही शेवटच्या आलात तेव्हा ही बाग नुसती बाग होती. झाडं होती, बाकं होती, बाकांवर पेन्शनर होते, आणि मधोमध आमचं क्वार्टर होतं. त्यानंतर शहराला मनोरंजन हवं आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि ते आमच्या घराभोवतीच हवं असंही त्याच्याच लक्षात आलं. तळ्यात बदकाच्या आकाराच्या, पायांनी चालवायच्या होड्या आल्या. खरी बदकं त्या दिवशी रागावून गेली ती अजून परतली नाहीत. झोपायच्या खोलीसमोर नाचरं कारंजं आलं. ते रोज संध्याकाळी त्याच त्या गाण्यांवर नाचतं, त्यामुळे मला आता आंघोळीचं पाणी बादलीत पडतानाही ठेका ऐकू येतो. उघड्यावरची व्यायामशाळा आली. तिथल्या पोट कमी करायच्या यंत्रावर माणसं आरामात बसून शेंगदाणे खातात, आणि हात मजबूत करायच्या दांड्यांवर टॉवेल वाळतात. आणि छोटी आगगाडी आली. तिचं स्टेशन माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. गाडी सुटताना शिट्टी वाजवते, माझा कुकरही शिट्टी वाजवतो, आणि वरण करपलं की तुमचे बंधू नुसतं ताटाकडे बघून म्हणतात, ‘आज गाडी वेळेवर होती वाटतं.’ (हा त्यांचा त्या महिन्यातला विनोद. पुढच्या महिन्यात दुसरा.) गाडीतली पोरं खिडकीतून मला हात करतात. मलाही करावा लागतो. कणकेचे हात असले तरी करावा लागतो, नाहीतर पोरं रडतात आणि आया माझ्याकडे बघतात.

आणि प्रत्येक गोष्टीपाशी पाटी. हिरवळीवर चालू नये, बाकावर आडवं होऊ नये, फुलांना हात लावू नये, तळ्यात वाकू नये, पक्ष्यांना खायला घालू नये. ‘येऊ नये’ एवढी एकच पाटी फाटकावर लावली असती तर किती रंग वाचला असता, असं मी यांना म्हटलंसुद्धा. लोकांना आमचं घरही बागेतलाच एक प्रकार वाटतो. एकदा मी दारात भाजी निवडत बसले होते तर एक कुटुंब सरळ पायरीपर्यंत आलं. बापाने पोरांना मागे ओढलं आणि हळूच बजावलं, ‘हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.’ मी हललेसुद्धा नाही. म्हटलं, बघा. (गेली किती वर्षं मी यांना सांगते आहे, चारचौघांसारखं गल्लीत घर बघा. शेजारी असावेत, भांडावं, उसनी साखर मागावी. हे म्हणतात, ‘बघू.’ यांचं ‘बघू’ तुम्हाला माहीत आहे.)

तर बागेला एक समिती आहे, आणि समितीला अध्यक्ष आहेत. फार मोठे गृहस्थ, सर्व बाजूंनी. आमच्या घरात त्यांना फीतकापे म्हणतात, कारण फीत दिसली की त्यांना ती कापावीशी वाटते आणि नाही दिसली तर आधी बांधून घ्यावीशी वाटते. एकाच बाकाचं त्यांनी बसवल्यावर एकदा आणि रंगवल्यावर एकदा असं दुहेरी उद्घाटन केलं आहे. समितीत त्यांच्यासमोर तोंड उघडणारं एकच माणूस, ती एक निवृत्त मास्तरीण. तिला आम्ही हरकतबाई म्हणतो. सभेच्या सुरुवातीला कुणी ‘सुप्रभात’ म्हणालं तरी ती उठते, ‘माझी हरकत आहे, प्रभात सु आहे हे कुणी ठरवलं?’ पण फीतकाप्यांनी एकदा रस्त्यासाठी जुनी झाडं पाडायचा घाट घातला होता, तेव्हा हिनेच शहरभर बोंब ठोकली. मग आपण झाडांचे किती कैवारी आहोत हे दाखवायला फीतकाप्यांनी स्वतःच नियम करून टाकला, की यापुढे समितीच्या मंजुरीशिवाय बागेतली फांदी तोडायची नाही. छाटणी चालेल, तोड नाही. नियम केला, त्याची पाटी लावली, पाटीचं उद्घाटन केलं.

याच समितीने भूलभुलैया मंजूर केला. झुडपांच्या उंच हिरव्या भिंती, मध्ये वळणावळणाच्या वाटा, लोकांनी आत जायचं, चुकायचं, हसायचं, बाहेर यायचं. मनोरंजन म्हटलं की तुमचे बंधू टोपी घालून बाहेर पडतात, पण हे मनोरंजन झाडांचं होतं, म्हणून खुलले. रोपं स्वतः लावली, स्वतः पाणी घातलं, माणसाच्या डोक्यावर जाईपर्यंत काही वर्षं त्यांच्यामागे घालवली. मला ‘अगं’ म्हणतात. रोपांना ‘बाळा’ म्हणतात. एकदा एका कोपऱ्यातल्या ओळीला कीड लागली, तर हे दोन घास खाऊन उठायचे. मला ताप आला होता तेव्हा पोटभर जेवले होते. (तक्रार नाही. नोंद आहे.) वाट मात्र यांनी फार मायेने आखली होती. चुकायला होईल पण घाबरायला होणार नाही, आणि कंटाळलेल्या माणसाला थेट बाहेर नेणारी एक सोपी वाट. ती बघून फीतकापे म्हणाले, ‘लोक असे पटकन बाहेर पडले तर खातीलपितील कधी? ही वाट बंद करा.’ हे हळूच म्हणाले, की मग साहेब, फार वेळ लागेल. पण हे ‘हळूच’ म्हणाले, आणि सभेत हळूच म्हटलेलं म्हटलेलं नसतंच. सोपी वाट बंद झाली, तिथे भरीची झाडं लावली.

खातीलपितील म्हणाले ते उगाच नव्हतं. फीतकाप्यांच्या मनात भूलभुलैयाच्या तोंडाशी उपाहारगृह काढायचं होतं, आणि त्या तोंडाशी काय आहे, तर आमचं घर. ते पाडायचं जवळजवळ ठरलंच होतं. वन्सं, गल्लीत घर बघा म्हणणारी मीच, पण आपण सोडणं वेगळं आणि कुणी पाडणं वेगळं. मी ठरवलं, उद्घाटन झालं की साहेबांना घरी चहाला बोलवायचं. चांगले कप काढायचे, गच्ची दाखवायची, आणि बोलता बोलता विषय काढायचा. यांना सांगितलं नाही. यांना सांगितलं असतं तर यांनी त्या दिवशी तापच काढला असता.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव, बँड, फोटोवाले, समितीतले सगळे कडक इस्त्रीत. फीतकाप्यांनी फीत कापली. आत पहिलं पाऊल त्यांनीच टाकायचं होतं, पण हरकतबाई पुढे झाली. ‘माझी हरकत आहे. जनतेच्या पैशाच्या वाटेवर अध्यक्ष एकटे का? मीही येणार.’ मग दोघं एकदमच शिरायला गेली आणि दारात अडकली, कारण यांनी दार एका माणसाच्या बेताने ठेवलं होतं आणि फीतकापे एका माणसाच्या बेताचे नाहीत. शेवटी एकामागोमाग एक आत गेली. त्यांच्यामागे पुढेपुढे करणारे आणखी काही सभासद शिरले. वाट ज्यांना ठाऊक त्या तुमच्या बंधूंना मात्र बाहेर उभं केलं, गुच्छ धरायला.

बँडने विजयाची धून वाजवली. ती संपली. पुन्हा वाजवली. मांडवातल्या लोकांनी आधी टाळ्या तयार ठेवल्या, मग हात मांडीवर ठेवले, मग कुणी पान उलटून पेपर वाचायला लागलं. मी घरात, चहाचं आधण तिसऱ्यांदा आटलेलं. म्हटलं गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे तरी आणावेत. (आता कळलं ना गच्चीवर का होते?) आणि वरून बघते तो सगळा भूलभुलैया ताटात वाढल्यासारखा माझ्यासमोर. अध्यक्ष घामाघूम, मधल्या दगडी बाकावर बसलेले. उठले, दोन वळणं घेतली, पुन्हा त्याच बाकापाशी आले, आणि ‘अरे वा, इथेही बाक आहे!’ म्हणून पुन्हा बसले. असं किती वेळा झालं कोण जाणे. पुढेपुढे करणारे सभासद भलत्याच गल्लीत एकमेकांच्या मागे रांगेने फिरत होते. पहिला शेवटच्याच्या मागे लागला होता, म्हणजे रांगेला डोकंही नव्हतं आणि शेपूटही. हरकतबाई मध्ये कुठेतरी उभी राहून आपण हरवलो नाही असं मोठ्याने सांगत होती.

मला राहवलं नाही. दोरीवरची चादर काढली आणि हलवायला लागले, साहेब, इकडे, इकडे! फीतकाप्यांनी वर बघितलं. त्यांना वाटलं जनता स्वागत करते आहे. ते उभे राहिले, दोन्ही हात जोडले, सगळ्या बाजूंना नमस्कार केला आणि पुन्हा बसले. मग मी ओरडले, ‘डावीकडे वळा, डावीकडे!’ वळले बिचारे. पण माझं तोंड त्यांच्याकडे, त्यांचं तोंड माझ्याकडे, आणि माझी डावी ती त्यांची उजवी हे माझ्या लक्षात यायला ते पार आतल्या टोकाला जाऊन पोचले. मी म्हटलं, ‘नाही नाही, दुसरी डावीकडे!’ वन्सं, तिथून पुढे त्यांनी माझं ऐकणं सोडलं आणि फिरून त्याच बाकावर येऊन बसले. मी चादर घडी घालून ठेवली. आपल्याला झेपत नाही त्यात पडू नये.

बाहेर सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पहारेकरी आत पाठवला, त्याचीही शिट्टी थोड्या वेळाने वेगवेगळ्या दिशांनी ऐकू यायला लागली. शेवटी समितीच्या चिटणीसांनी यांच्या हातातले गुच्छ काढून घेतले आणि म्हणाले, तुम्हीच जा. हे कात्री खिशात घालावी तशी बगलेत मारून आत गेले, वाटेत एक वाकडी फांदी सरळ केली, आणि माझ्या डोळ्यांसमोर जसे स्वयंपाकघरातून माजघरात यावेत तसे थेट अध्यक्षांपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं. कसलं संपतं! हे म्हणाले, ‘साहेब, माझ्या मागून या.’ फीतकाप्यांनी मान हलवली. बाहेर फोटोवाले आहेत. अध्यक्ष नोकराच्या मागून बाहेर येताना छापले गेले तर? ‘मी पुढे चालतो, तुम्ही मागून वाट सांगा.’ आता तुमचे बंधू आणि बोलणं! यांनी ‘उजवीकडे’ म्हणेपर्यंत वळण मागे पडायचं. शिवाय हरकतबाई येऊन मिळाली होती, ती अध्यक्षांच्या मागे चालायला तयार नव्हती, आणि अध्यक्ष तिच्या मागे. वाट एका माणसाची. सगळे जागच्या जागी उभे.

मग फीतकाप्यांची नजर कात्रीवर गेली. माझ्या गच्चीपासून ते फार लांब नव्हते, एव्हाना बँडही थकून गप्प होता, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

‘कात्री आहे ना तुमच्याकडे? मग कापा ही भिंत. समोर मांडव दिसतोय, सरळ बाहेर पडू.’

यांनी बगलेतली कात्री हातात घट्ट धरली.

‘ऐकू येत नाही का? कापा!’

‘साहेब, मुळापासून जाईल. परत यायला वर्षं लागतील.’

‘झुडुप आहे हो ते! दुसरं लावा. आणा ती कात्री इकडे.’ असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

वन्सं, माझं लग्न झाल्यापासून या माणसाने कुणाला ‘नाही’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भाजीवाल्याने किडकं दिलं तरी घेतात, दारावर येणाऱ्या प्रत्येकाकडून साबण घेतात. आमच्याकडे वापरायला आंघोळी पुरत नाहीत इतके साबण आहेत. तो माणूस दोन पावलं मागे सरला, झुडपांना पाठ लावून उभा राहिला, टोपी मागे गेली, आणि ओरडला, ‘नाही कापणार!’ असा ओरडला की कारंज्यावरची कबुतरं उडाली आणि आगगाडीतली पोरं रडायची थांबली. बाहेर शिडीवर चढलेल्या एका फोटोवाल्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. तोच तुमच्या पेपरातला हर्ष. मी गच्चीवर मटकन खाली बसले, कपड्यांच्या ढिगावर. मला वाटायचं, यांच्या पोटात एखादं ‘नाही’ असेलच तर ते कधीतरी माझ्यासाठी निघेल. ते झुडपांना मिळालं. पण खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. एक टॉवेल अजून ओला होता, नेमके त्यानेच डोळे पुसले, ते आणखी ओले झाले.

फीतकाप्यांचा चेहरा जांभळा झाला. ‘तुम्हाला कळतंय का, तुम्ही कुणाशी बोलताय?’

तेवढ्यात हरकतबाई बाकावर नीट बसली, पदर सावरला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, ‘माझी हरकत आहे. बागेतलं झाड तोडायला कुणाची मंजुरी लागते?’

‘समितीची,’ फीतकापे म्हणाले.

‘आणि तो नियम कुणी केला?’

फीतकाप्यांनी रुमाल काढून घाम पुसला. नियमाच्या पाटीचं उद्घाटन शहराने पाहिलेलं होतं. पण राजकारणात मुरलेला माणूस, लगेच सावरला. म्हणाले, हरकत नाही, समिती इथेच आहे, आत्ताच सभा घेतो! आणि वन्सं, खरोखर सभा भरली. अध्यक्ष आत, चिटणीस बाहेर, काही सभासद मांडवात आणि काही गल्ल्यांमध्ये कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. गणसंख्या मोजायला चिटणीस ओरडले, ‘कोण कोण आहे?’ झुडपांतून ‘हजर! हजर!’ असे आवाज आले. एक ‘हजर’ पहारेकऱ्याचा निघाला, तो वजा केला. फीतकाप्यांनी ठराव मांडला, की ही भिंत तोडावी. अनुमोदन पुढेपुढे करणाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या दिशांनी दिलं. मंजूर होणार हे दिसतच होतं. तुमचे बंधू झुडपांना पाठ लावून तसेच उभे होते. आता ओरडत नव्हते. मागे हात नेऊन एक पान चोळत होते, लहान मुलाचा कान चोळावा तसं. मला ते बघवेना.

इतक्यात चिटणीसांनी बाहेरून मोठ्याने विचारलं, ‘साहेब, कारण काय लिहू? ठरावाला कारण लागतं!’

मांडवातले लोक पेपर खाली ठेवून ऐकायला लागले.

‘लिहा,’ हरकतबाई त्याहून मोठ्याने म्हणाली, ‘अध्यक्षांना बाहेर पडायची वाट सापडत नाही, सबब.’

मांडवात जे हसू फुटलं ते माझ्या गच्चीपर्यंत आलं. बँडवाल्याचा ढोल आपोआप वाजला. फीतकापे बाकावरून उठून किंचाळले, ‘काही लिहू नका! ठराव मागे! ठराव मांडलाच नव्हता!’ हरकतबाईने लगेच हरकत घेतली, की मांडलाच नव्हता तर मागे कसा घेता, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मला वाटतं तिचंही फारसं नव्हतं. ती तुमच्या बंधूंकडे बघून हसत होती, आणि मास्तरणी सहसा कुणाकडे बघून हसत नाहीत.

शेवटी तोडगा निघाला तो असा. आत कुणी बघत नाही तोवर अध्यक्षांनी यांच्या मागून चालायचं, हरकतबाईने अध्यक्षांच्या मागून न चालता ‘त्याच दिशेने स्वतंत्रपणे’ चालायचं, आणि शेवटच्या वळणावर यांनी बाजूच्या झुडपात अंग चोरून उभं राहायचं, म्हणजे अध्यक्ष पहिले बाहेर पडतील. तसंच झालं. हे झुडपात घुसले, फीतकापे दोन्ही हात उंचावून बाहेर आले, बँडने एवढा वेळ राखून ठेवलेला सगळा वारा एकदम सोडला, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, ‘अध्यक्षांनी भूलभुलैया सर केला.’ त्याच्या शेजारी यांचा हर्ष.

मी धावत खाली उतरले, साहेबांना म्हटलं, घोटभर चहा घ्या. पण साहेब मला ओलांडून, चांगले कप ओलांडून, सरळ मागच्या बाजूला गेले आणि आमच्या न्हाणीघराचं दार लावून घेतलं. बिचारे किती वेळ आत अडकले होते ते लक्षात घ्या. पुष्कळ वेळाने बाहेर आले तेव्हा वेगळेच दिसत होते, साधूंसारखे. खुर्चीत बसले, चहा घेतला, आणि विचार करून म्हणाले, बागेत होड्या आहेत, गाडी आहे, कारंजं आहे, पण या बाजूला एकही सोय नाही हे आजवर कुणी माझ्या नजरेला का आणलं नाही? (हरकतबाईने दर सभेत आणलं होतं. ती शेजारीच बसून बिस्किट खात होती.) मी विषय काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, की उपाहारगृह नको, हे घर इथे हवंच. मी मनात हात जोडले. पुढच्या आठवड्यात माणसं आली आणि आमच्या न्हाणीघरावर पाटी ठोकून गेली, ‘सार्वजनिक प्रसाधनगृह’. रस्ता बैठकीच्या खोलीतून. पाटीचं उद्घाटनही झालं, तपशील लिहीत नाही. तेव्हापासून आमच्या घरात दिवसभर रांग असते. घर राहिलं, पण आंघोळीला मला नंबर लावावा लागतो. काल माझ्यापुढच्या बाईने विचारलं, ‘तुम्ही लांबून आलात का?’

तर असा तुमच्या भावाचा हर्ष. माझ्या जन्माचं काय झालं ते तुम्हीच बघा. शेजारी नाहीत, उसनी साखर नाही, आणि रांगेतली माणसं माझा पेपर वाचून घडी न घालता ठेवतात. कुठल्याही शहाण्या बाईने हे घर कधीच सोडलं असतं. तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझा नमस्कार. तुम्हीच सगळ्यांत मोठ्या, तेव्हा तो परत तुम्हालाच. सूनबाई बोलायला लागल्या तर काय म्हणाल्या ते कळवा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. रांगेतल्या एका आजीबाईंनी गुडघ्यावर लावायला तेल सांगितलं आहे. वासाला वाईट आहे पण म्हणतात जिना उतरता येतो. वेगळं पाठवते.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे पत्र लिहायला बसले ते यासाठीच, पण हात तिकडे वळेना. यांना बढती आली आहे. फीतकाप्यांनीच दिली. ज्याने आपल्याला बाकावर फिरून फिरून बसताना पाहिलं तो माणूस रोज डोळ्यांसमोर नको असणार, हे समजतं. पण शिक्षा करायची तर चौकशी लागते, चौकशीला कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायची तर त्यांची तयारी नाही. बढतीला कारण लागत नाही. मुख्य कचेरीत मोठी खुर्ची, पगार जास्त, टेबलावर प्लास्टिकचं झाड, आणि राहायला चांगल्या गल्लीत घर, शेजाऱ्यांसकट. हे घरी येऊन म्हणाले, ‘तुला हवं होतं ना गल्लीत? जाऊ या.’ आणि मग भूलभुलैयात गेले ते जेवायला हाक मारेपर्यंत आलेच नाहीत. वन्सं, हे माझ्यासाठी जातील. बोलणार नाहीत आणि जातील. आणि तिकडे प्लास्टिकच्या झाडाला ‘बाळा’ म्हणतील का हो? तुमच्या शब्दाबाहेर ते नाहीत. तुम्ही त्यांना एक रागावून पत्र लिहा, की खबरदार बढती घेतलीस तर. कारण काहीही लिहा, ग्रहांचं लिहा, गुडघ्याचं लिहा. फक्त माझं नाव नको. मीच ‘राहू या’ म्हणाले तर माझ्या इतक्या वर्षांच्या तक्रारीला काय अर्थ राहिला? पुढे कशावरून बोलायचं? पत्र लवकर टाका.

ता. क. तिसरा. ताई, मी लिहितोय. पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडे दिलं होतं, वाचलं. बढती मी परवाच नको म्हणून सांगून आलो. साहेबांनी कारण विचारलं नाही. हिला अजून सांगितलेलं नाही, कारण हल्ली ही वरण करपू देत नाही आणि रात्री माझी टोपी धुऊन ठेवते. तू पत्र लिहीच, आणि चांगलं रागावून लिही. म्हणजे तू रागावलीस म्हणून मी राहिलो असं होईल, आणि हिची तक्रारही शाबूत राहील. तेल मात्र लावू नकोस, त्या आजीबाई स्वतः काठी घेऊन येतात.